क्रॉस मेंबर बदलला, कोन कोणी मोजला?

होळी पौर्णिमेची दुपार कलली की नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. मोलगीजवळच्या काठी गावच्या राजवाडी होळीला महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून माणसे येतात. रात्रभर ढोल वाजत राहतो, कमरेला घुंगरू आणि भोपळे बांधून, डोक्यावर मोरपिसांचे टोप चढवून बावा नाचतात आणि पहाटे होळी पेटते. 1246 पासून ती पेटत आली आहे, असे परंपरा सांगते. ही सारी माणसे देवगोईचा घाट चढून येतात, कुणी एसटीने, पण बरीचशी बोलेरोत, क्रुझरमध्ये, पिकअपच्या हौद्यात. सकाळी राख कपाळाला लावून ती त्याच गाड्यांतून घाट उतरतात.

यातल्या बऱ्याच गाड्यांना एक दुखणे आहे आणि त्यात रोज बसणाऱ्यांना ते इतके सवयीचे झाले आहे की कुणी त्याबद्दल बोलत नाही. सपाटीवर गाडीने पन्नास-साठचा वेग घेतला की सीटखालून बारीक थरथर सुरू होते. गिअरचा दांडा हाताला मुंग्या आणतो, आरशातले चित्र फिस्कटते, फरशीच्या पत्र्यातून भुंग्यासारखा आवाज येतो. वेग उतरवला की सारे शांत. चालकाला विचारले तर तो म्हणतो, टायरचे बॅलन्सिंग गेले असेल. कधी कधी ते खरेही असते. पण गेल्या महिन्यात गाडीखाली काय काम झाले, हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही. पुष्कळदा त्याचे उत्तर असते: जुना क्रॉस मेंबर तडकला होता, नवा घातला.

नवा क्रॉस मेंबर घालण्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते कोन न मोजता घालण्यात. शहरातल्या ऑफ-रोडच्या दुकानांत चकचकीत पावडर कोटिंग करून मिळणारा भाग असो, नाहीतर तालुक्याच्या गॅरेजात सी-चॅनेल कापून वेल्डिंगने बनवलेला असो, तो बसवताना बोल्ट बसले की काम झाले असे मानले जाते. ही पद्धत बंद झाली पाहिजे. क्रॉस मेंबर बदलणाऱ्याने आधीचा आणि नंतरचा कोन मोजावा आणि बिलावर लिहून द्यावा. मागणी एवढीच आहे. ती छोटी का वाटते आणि मोठी का आहे, हे समजण्यासाठी गाडीखाली वाकून पाहावे लागेल.

बोलेरो, थार, पिकअप, क्रुझर या गाड्यांची चॅसी म्हणजे आडवी ठेवलेली शिडी. दोन लांब दांडे, मध्ये पायऱ्या. या पायऱ्या म्हणजे क्रॉस मेंबर. पुढच्या पायऱ्यांवर रेडिएटर आणि इंजिनाचा भार, मधल्या एका पायरीवर गिअरबॉक्सची शेपटी, फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर तिच्यामागचा ट्रान्सफर केस. गॅरेजात ज्याला फाउंडेशन म्हणतात ते रबर याच पायरीवर बसते. लांब पिकअपमध्ये गिअरबॉक्सची गती मागच्या चाकांकडे नेणारा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, त्याचे सेंटर बेअरिंगही एका आडव्या पट्टीलाच टांगलेले असते. म्हणजे गिअरबॉक्सखालची ही पट्टी नुसते वजन पेलत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सची सरळ रेष जमिनीशी किती झुकावी, हे तीच ठरवते. गवंड्याने भिंतीखाली घातलेला पहिला थर जसा साऱ्या भिंतीचा उभेपणा ठरवतो, तसे.

मग लोक ती बदलतात का? कारण गाडीत सगळ्यांत खाली लोंबणारा भाग बहुधा हीच पट्टी असते. सातपुड्यात पाड्यापाड्याला जाणारा रस्ता पावसाळ्यानंतर दगडांचा उरतो. चाक ओहोळातून बाहेर निघताना पोट दगडावर आपटते आणि पहिला मार क्रॉस मेंबर खातो. वर्षानुवर्षे असे आपटून पट्टी वाकते, बोल्टांची भोके लांबट होतात, मुळाशी तडा जातो. बदलणे भागच पडते. दुसरीकडे पुणे, मुंबई, नाशिकचे हौशी चालक आहेत. इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे, गोव्यात 2014 पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते. थार किंवा जिप्सी घेऊन चिखलात उतरणाऱ्यांना पोट उचललेली गाडी हवी असते. म्हणून ते जाड आणि उंच बसणारा क्रॉस मेंबर घेतात आणि ट्रान्सफर केस इंचभर वर ओढतात. काहींनी गाडी आधीच उंच केलेली असते. ते उलट करतात, मध्ये तुकडे घालून क्रॉस मेंबर खाली उतरवतात. एकाची गरज, दुसऱ्याची हौस. पण शाफ्टला दोघेही सारखेच.

शाफ्टच्या टोकाला असणाऱ्या जोडाची गोष्ट जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या जिरोलामो कार्दानो या इटालियन विद्वानाचे नाव या जोडाला चिकटले. सतराव्या शतकात लंडनच्या रॉबर्ट हूकने त्याचे गणित मांडले. 1903 मध्ये अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरने तो मोटारगाडीसाठी पेटंट केला आणि स्पायसर हे नाव आजही शाफ्टवर वाचायला मिळते. आपल्या गॅरेजात त्याला नुसते क्रॉस म्हणतात. अधिक चिन्हासारखा लोखंडी तुकडा, चार टोकांना चार टोप्या, टोप्यांत सुईसारखी बारीक रोलर. त्याच्यामुळे शाफ्ट वाकडा असूनही फिरू शकतो.

पण हा जोड एक किंमत वसूल करतो. आत येणारी गती अगदी एकसारखी असली, तरी कोनात फिरताना बाहेर पडणारी गती एकसारखी राहत नाही. दर फेऱ्यात ती दोनदा वाढते, दोनदा घटते. कोन 5 अंशांचा असेल तर हा चढउतार अर्धा टक्काही भरत नाही. 10 अंशांना तो दोन्ही बाजूंनी दीड टक्का होतो, 20 अंशांना सहा टक्के. कोन दुप्पट केला की त्रास चौपट, असा हा हिशेब आहे.

उपाय हूकच्या गणितातच होता. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस ठेवायचा, दोन्हीकडचे कोन सारखे ठेवायचे आणि दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एका रेषेत ठेवायचे. मग पहिल्या जोडाने गतीत जी खोट आणली ती दुसरा भरून काढतो. चाकाला पुन्हा एकसारखी गती मिळते. गिअरबॉक्सची रेष आणि मागच्या हाउसिंगच्या पिनियनची, म्हणजे शाफ्टचे मागचे टोक जिथे जोडले जाते त्या दांड्याची, रेष एकमेकींना समांतर असावी, हा जो नियम आहे तो इथून आला. कारखान्यात हा समांतरपणा आखून दिलेला असतो. तो टिकवून धरण्याचे काम त्या मधल्या पट्टीकडे असते.

आता ती पट्टी इंचभर वर घेऊ. समजा, इंजिनाच्या पुढच्या फाउंडेशनपासून क्रॉस मेंबरपर्यंत अंतर 90 सेंटिमीटर आहे. शेपटी अडीच सेंटिमीटर उचलली तर इंजिनाची रेष जवळपास 1.6 अंशांनी बदलते. समजा, आधी गिअरबॉक्सची रेष मागे 4 अंश झुकलेली होती, पिनियनही 4 अंशांवर होता आणि शाफ्ट 8 अंशांनी उतरत होता. दोन्ही क्रॉस 4-4 अंशांवर, हिशेब चोख. शेपटी वर गेल्यावर गिअरबॉक्सची रेष 2.4 अंशांवर आली. शाफ्टचे पुढचे टोक उचलले गेले म्हणून तो 9.7 अंशांनी उतरू लागला. पुढचा क्रॉस आता 7.3 अंशांवर काम करतो, मागचा 5.7 अंशांवर. दोन्ही कोन वाढले आणि त्यांची जोडी फुटली. पुढच्याने आणलेली खोट मागच्याला पुरी भरून काढता येत नाही. जी बाकी उरते तीच सीटखाली थरथरते.

दीड अंशाने काय होते, असे वाटेल. ते किती वेळा होते, हे पाहावे. बोलेरोवर दिसणारा 215/75 आर 15 मापाचा टायर एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच्या आसपास अंतर कापतो. ताशी 60 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साडेसात फेरे घेते. डिफरन्शियलचे प्रमाण चारास एक धरले तर शाफ्ट सेकंदाला तीस फेरे घेतो. दर फेऱ्यात दोन धक्के म्हणजे सेकंदाला साठ, मिनिटाला छत्तीसशे. अक्कलकुव्यापासून घाटाच्या पायथ्यापर्यंतच्या सपाटीत क्रॉसमधल्या त्या सुया हजारो वेळा ठोकल्या जातात. टोप्यांतले ग्रीस पिठासारखे कोरडे होते. गिअरबॉक्सच्या शेपटीचे सील गळू लागते. सेंटर बेअरिंगचे रबर फाटते. मग चालक क्रॉस बदलतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बदलतो. माल खराब येतो हो, अशी तक्रार ऐकू येते. माल बरेचदा चांगला असतो, तो चुकीच्या कोनात मरतो.

पिकअपवाल्यांच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. मोलगीच्या बाजारातून आमचूर, मोहफुले, भगरीची पोती भरायची, तर मागे पाटे वाढवावे लागतात. पाटे वाढले की रिकाम्या गाडीचे मागचे अंग उंच राहते, चॅसी आणि हाउसिंगमधले अंतर वाढते, शाफ्ट अधिक तिरका होतो. म्हणून भरलेली गाडी शांत धावते आणि रिकामी परतताना थरथरते. अशी गाडी टायरवाल्याकडे नेऊन काही मिळणार नाही. पाटे आणि क्रॉस मेंबर या दोन्हींचे काम झालेल्या गाडीचा कोन रिकामी असताना आणि रोजचा भार घातल्यावर, असा दोनदा मोजला पाहिजे.

थरथर म्हटली की कोनच दोषी, असेही नाही, आणि इथे घाई करणाऱ्या मेकॅनिकपेक्षा शांतपणे शोधणारा मेकॅनिक किती मोलाचा ते कळते. गाडी उभी असताना इंजिनाचे आवर्तन वाढवले आणि थरथर आली, तर शाफ्टचा संबंध नाही. मग फाउंडेशन ताणलेले असेल, सायलेन्सरची नळी नव्या पट्टीला टेकत असेल किंवा उचललेला ट्रान्सफर केस वरच्या पत्र्याला लागत असेल. पत्र्याला लागलेला गिअरबॉक्स म्हणजे ढोलाला लावलेली काठी, छोटा कंपही गाडीभर घुमतो. मोकळ्या सपाट रस्त्यावर साठच्या वेगाला गिअर न्यूट्रल केला आणि थरथर तशीच राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टमध्ये नाहीतर चाकांत. (ही परीक्षा घाटात कधीही करू नये.) फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढचा शाफ्ट तात्पुरता काढून पाहिला की दोष पुढे की मागे ते उलगडते. पुढच्या चाकांना मोकळे करणारे हब नसतील तर हा शाफ्ट टू-व्हीलमध्येही फिरतच असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आणखी दोन चुका नेहमीच्या. क्रॉस मेंबर काढताना शाफ्ट सोडावा लागतो. तो सोडताना स्लाइडिंगवर, म्हणजे त्याच्या सरकत्या खाचेदार जोडावर, खूण केली नाही आणि परत घालताना एक-दोन खाचा सरकला, तर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत. कोन कितीही अचूक असोत, थरथर येणारच. चुन्याची एक रेघ ओढली असती तर हे टळले असते. दुसरी चूक बोल्ट आवळण्याची. गाडी जॅकवर लटकलेली असताना सगळे बोल्ट करकचून आवळले की रबर कायमचे पिळलेले राहते. चाके जमिनीवर टेकवून, भार आल्यावर, इंजिन थोडे चालवून रबराला आपली जागा घेऊ द्यावी आणि मग शेवटचा पीळ द्यावा.

शिवाय काही वेळा थरथर जुनीच असते. कारखान्याचे मऊ रबर ती गिळून टाकत असते. नव्या क्रॉस मेंबरबरोबर कडक पॉलियुरेथेनचे बुश येतात आणि इतकी वर्षे दबलेला आवाज मोकळा होतो. अशा वेळी नव्या भागाला शिव्या घालण्याआधी जुने मोजमाप हाताशी असेल तर न्याय होतो. नसेल तर वादच होतो.

दुरुस्ती अवघड नाही. गिअरबॉक्सच्या रबराखाली योग्य जाडीचे वॉशर घालून शेपटी खाली-वर करता येते. पाट्याच्या गाड्यांत हाउसिंगच्या बैठकीखाली लोखंडी पाचर बसवून पिनियनचे तोंड फिरवता येते. फार उंच केलेल्या गाडीला ट्रान्सफर केसच्या बाजूने दुहेरी क्रॉसचा शाफ्ट लागतो. त्याचा नियम वेगळा: तिथे पिनियन समांतर नको, तो थेट शाफ्टच्या दिशेने रोखलेला हवा. हे माहीत नसलेला माणूस पाचर उलटी मारतो आणि थरथर दुप्पट करून पाठवतो.

यावर कुणी म्हणेल, थरथर म्हणजे काही अपघात नव्हे, चालते तोवर चालवावे. काठी आणि मोलगीच्या परिसरात हे म्हणणे मान्य करता येत नाही. क्रॉस तुटला आणि शाफ्ट सुटला तर मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीचा इंजिनाशी संबंधच तुटतो. सपाट रस्त्यावर गाडी उभी राहते. घाट उतरताना मात्र दुसऱ्या-तिसऱ्या गिअरने जो आवर घातलेला असतो तो क्षणात नाहीसा होतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. तेही आधीच तापलेले असतात. विलीजच्या घराण्यातल्या कित्येक जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवरच आहे. शाफ्ट गेला की हँडब्रेकही गेला. शाफ्टचे पुढचे टोक गळून जमिनीत रुतले तर गाडी उचलली जाऊ शकते. ते टळावे म्हणून शाफ्टभोवती एक लोखंडी कडे लावण्याची पद्धत जगभर आहे, आपल्याकडच्या जुन्या गाड्यांखाली ते क्वचितच दिसते.

सातपुड्यातले घाट किती निर्दय आहेत हे नंदुरबार जिल्ह्याला सांगावे लागत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, तेव्हा एका माणसाने आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालायला सुरुवात केली आणि ती वाटेतच गेली. ऑक्टोबर 2025 मध्ये याच घाटात अस्तंभ्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप उलटून अनेकांचा जीव गेला. या घटनांचा शाफ्टशी संबंध जोडणे चूक ठरेल, आणि तसे इथे म्हणायचेही नाही. त्या आठवायच्या त्या एवढ्यासाठी की इथे गाडी म्हणजे काय हे त्यांतून दिसते. जिथे आजही रुग्णाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणतात आणि रस्त्यावर आलेली जी कोणती बोलेरो असेल तीच रुग्णवाहिका होते, तिथे त्या बोलेरोखालचा एक क्रॉस ही तिच्या मालकाची खासगी बाब राहत नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182 अ आले आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरली. पण दंडाच्या धाकाने गाडीखालचा कोन सरळ होत नाही. तडकलेला क्रॉस मेंबर बदलणे ही दुरुस्ती आहे आणि ती रोखली तर लोक तडकलेल्या पट्टीवरच गाड्या हाकतील. शिक्षेपेक्षा मोजमापाची सवय लावणे अधिक कामाचे.

ही सवय लावायला फार काही लागत नाही. चुंबकाने चिकटणारे डिजिटल कोनमापक दोन हजारांच्या आत येते. तेही नसेल तर मोबाइलमध्ये पातळी दाखवणारी सोय असते. आणि तीही नको असेल तर गवंड्याचा ओळंबा आणि शाळेच्या कंपासपेटीतले कोनमापक यांवर अर्ध्या अंशापर्यंतचे काम निभावते. गाडी सपाट फरशीवर, चाके जमिनीवर. तीन ठिकाणी मोजायचे: गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडावर, शाफ्टच्या नळीवर, पिनियनच्या तोंडावर. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात एक अंशापेक्षा जास्त फरक नको. शाफ्टचा त्या दोघांशी होणारा कोन शक्यतो तीन अंशांच्या आसपास राहावा. उंच गाडीत तो वाढतो, पण तेव्हा दोन्ही टोकांना सारखाच वाढलेला असावा. अगदी शून्यही नको, कारण कोन नसेल तर टोप्यांतल्या सुया जागच्या हलत नाहीत आणि एकाच ठिकाणी खड्डे पाडतात. एवढे काम पाऊण तासाचे आहे.

पाऊण तासाचे पैसे कोण देणार, हा प्रश्न खरा आहे. एका फेरीवर घर चालवणारा चालक गाडी गॅरेजात उभी ठेवायला तयार नसतो, आणि मेकॅनिकच्या दारात दुसरी गाडी वाट पाहत असते. दोघांनाही दोष देऊन भागणार नाही. पण दर तीन महिन्यांनी क्रॉस, वर्षात एक सेंटर बेअरिंग, मध्येच गिअरबॉक्सचे सील आणि त्या प्रत्येक वेळी बुडालेला दिवस, याचा हिशेब चालकाने एकदा पाटीवर मांडावा. तो पाऊण तास स्वस्त निघतो.

खरी जबाबदारी मात्र विकणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची. ऑफ-रोडसाठी क्रॉस मेंबर विकणाऱ्याने डब्यात कागद घालावा: हा भाग शेपटी किती मिलिमीटरने उचलतो किंवा उतरवतो, त्यामुळे कोन साधारण किती बदलतो, कोणत्या पाचरी लागतील, बोल्ट किती पिळाने आवळायचे. हे न सांगता लोखंड विकणे म्हणजे मात्रा न लिहिता औषध देणे. आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेइकल या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शाफ्ट आणि युनिव्हर्सल जॉइंट शिकवतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या आयटीआयने त्यात एक प्रत्यक्ष काम घालावे: क्रॉस मेंबर अर्धा इंच उचला, कोन मोजा, पाचर बसवून तो परत जुळवा. भिल, पावरा, मावची मुलांपैकी कितीतरी जण हे शिकून आपापल्या गावात गॅरेज घालतात. त्यांच्या हातात स्पॅनरइतकेच कोनमापक सहज असले पाहिजे. एसटीच्या कार्यशाळांत लांब शाफ्टच्या गाड्या सांभाळण्याचा पिढ्यांचा अनुभव आहे. निवृत्त होणाऱ्या कारागिरांना महिन्यातून एक दिवस आयटीआयमध्ये बोलावले तर तो अनुभव वाया जाणार नाही.

परिवहन विभागही यात हातभार लावू शकतो. भाड्याच्या गाड्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या तपासणीत दिवे, ब्रेक, धूर पाहतात. गाडीखाली वेल्डिंग केलेला किंवा बदललेला क्रॉस मेंबर दिसला तर नंदुरबारच्या, म्हणजे एमएच-39 क्रमांकाच्या, गाडीकडून कोनाच्या नोंदीचा कागद मागावा. नसेल तर गाडी अडवू नये, पंधरा दिवसांची मुदत द्यावी. घाटातल्या गाड्यांसाठी शाफ्टभोवतीचे कडे सक्तीचे करायला तर अडचण नसावी.

काठीची होळी दरवर्षी येते, आणि तिच्या आधीचा आठवडा भोंगऱ्या बाजारांचा. त्या दिवसांत या गाड्या वर्षभरातल्या सर्वांत जास्त माणसांना घेऊन घाट चढतात. ज्यांनी गेल्या वर्षभरात क्रॉस मेंबर बदलला, पाटे वाढवले किंवा चॅसीला पॅच मारला, त्यांनी बाजार भरण्याआधी गाडी एकदा सपाट फरशीवर उभी करून तीन आकडे लिहून घ्यावेत: गिअरबॉक्सचा, शाफ्टचा, हाउसिंगचा. आणि गाडीत बसणाऱ्याने, सीटखाली थरथर जाणवली तर, गप्प न बसता चालकाला विचारावे, दादा, गाडीखाली काय काम केले होते?